रिव्हर्स गिअर पडत नाहीये? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे सगळं बघून घ्या

दोन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड हॅचबॅक घेतली, माझी पहिलीच गाडी, आणि तिसऱ्याच आठवड्यात वाईला एका बोळात अडकलो. समोर भिंत, मागे दोन बाइकवाले थांबलेले, आणि रिव्हर्स टाकायला गेलं की नुसतं खर्रर्र. चार-पाच वेळा जोर लावून बघितला, घाम फुटला, शेवटी न्यूट्रल करून तिथल्याच पोरांनी गाडी मागे ढकलून दिली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली तर तिथे गाडी चालवून न बघताच सांगितलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी सरळ घरी आलो. मग शेजारच्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी काय केलं, तर इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला. गपकन पडला. मग म्हणाले, "गिअरबॉक्सला काही झालेलं नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये." म्हणजे पेडल दाबलं तरी इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नव्हतं. क्लच केबल ताणून सैल झाली होती आणि वर मी पावसाळा म्हणून मॅटवर मॅट टाकली होती, त्यामुळे पेडल तळापर्यंत जातच नव्हतं. अर्ध्या तासाचं काम निघालं.

वर्षभराने परत रिव्हर्स गेला, या वेळी कारण पूर्ण वेगळं होतं, ते खाली पाचव्या पायरीत येईलच. पण या दोन वेळच्या अनुभवातून आणि नंतर त्या मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून जे शिकलो ते नवीन गाडी चालवणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण फुकटातल्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या शेवटी असा तो लावलाय, त्यामुळे मधल्या पायऱ्या गाळून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नका.

हे सगळं पुढची चाकं ओढणाऱ्या, मॅन्युअल गिअरच्या छोट्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) किंवा ऑटोमॅटिक असेल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

आधी जवळ काय काय लागेल

गाडीचं मॅन्युअल पुस्तक (सेकंड हँड गाडीसोबत मिळालं नसेल तर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर पीडीएफ असते), चांगला टॉर्च, चाकाला लावायला दोन मोठे दगड किंवा विटा, १०, १२ आणि १४ चे पाने, एक पक्कड, चार-पाच प्लॅस्टिकचे केबल टाय, जुनं फडकं. आणि एक माणूस. गिअरचा दांडा आतून कोणीतरी हलवायचा आणि दुसऱ्याने बॉनेटमध्ये बघायचं, हे एकट्याला जमत नाही. कागदांमध्ये आरसी, इन्शुरन्सची पॉलिसी, सर्व्हिसच्या जुन्या पावत्या आणि वॉरंटी चालू असेल तर तिचे कागद काढून ठेवा. वॉरंटीत असलेल्या गाडीचं बाहेर काही खोलू नका, पहिल्या तीन पायऱ्या करा आणि थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

१. रिव्हर्सच का अडतो हे आधी समजून घ्या

हे वाचायला दोन मिनिटं लागतील पण पुढचं सगळं यावरच आहे. पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रो असतो, म्हणजे पितळी रिंगसारखा एक भाग जो दोन्ही बाजूंचा फिरण्याचा वेग आधी सारखा करतो आणि मगच गिअर आत जाऊ देतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला हा सिंक्रो नसतो. तिथे एक मधलं छोटं चाक, ज्याला आयडलर म्हणतात, ते सरकून दोन गिअरच्या मध्ये येऊन बसतं आणि त्यामुळे फिरण्याची दिशा उलटी होते. त्याचे दाते सरळ कापलेले असतात, तिरपे नाही, रिव्हर्समध्ये गाडीचा जो कुईंऽऽ असा आवाज येतो तो याच सरळ दात्यांचा.

आता सरळ दात्यांचं चाक सरकून बसायचं म्हणजे समोरचं दात्यांचं चाक थांबलेलं पाहिजे. ते फिरत असेल तर खर्रर्र होतं. आणि थांबलेलं आहे पण नेमका दात्यासमोर दाताच आला, तर आवाज काहीच येत नाही पण दांडा भिंतीला टेकल्यासारखा अडतो. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. खर्रर्र होतंय की नुसतंच अडतंय, हे नीट लक्षात ठेवा, मेकॅनिकला सांगायची पहिली गोष्ट तीच.

२. टाकायची पद्धत बरोबर आहे ना

कमीपणा मानू नका, मी पण सहा महिने चुकीचंच टाकत होतो. बरोबर पद्धत अशी:

गाडी पूर्ण थांबवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, थोडीशी पुढे घरंगळतेय आणि आपण घाईत रिव्हर्स टाकतोय असं पार्किंगमध्ये सगळेच करतात आणि दाते तिथेच झिजतात. मग क्लच तळापर्यंत दाबा आणि तीन-चार सेकंद थांबा. क्लच दाबल्या दाबल्या गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट, म्हणजे इंजिनकडून फिरणारी सळई, लगेच थांबत नाही, तो फिरत फिरत मंद होतो, तेवढा वेळ त्याला द्या. मग टाका.

तरी कर्र झालं तर क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला गिअर टाका, मग तिथून काढून रिव्हर्स टाका. पहिल्याचा सिंक्रो तो शाफ्ट थांबवून देतो. आणि आवाज न येता नुसतं अडत असेल तर दांडा न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, परत दाबा, परत टाका, तेवढ्यात दात्याची जागा बदललेली असते. दहापैकी आठ-नऊ वेळा तेवढ्याने पडतो. असं अधूनमधून होणं हा बिघाड नाही, रिव्हर्सची रचनाच तशी आहे.

दुसरं म्हणजे लॉक. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून प्रत्येक कंपनीने काहीतरी अडसर ठेवलेला असतो आणि तो प्रत्येक गाडीत वेगळा. मारुतीच्या अल्टोसारख्या गाड्यांत रिव्हर्स उजवीकडे, पाचव्याच्या खाली असतो, तिथे पाचव्यातून सरळ खाली ओढलं तर जात नाही, आधी न्यूट्रलला मधोमध येऊ द्यायचं, मग उजवीकडे आणि खाली. फोक्सवॅगन पोलोमध्ये दांडा खाली दाबून डावीकडे आणि पुढे न्यायचा. रेनॉ डस्टरमध्ये नॉबखालची रिंग वर उचलायची. दुसऱ्याची गाडी घेतली असेल तर नॉबवरचा नकाशा बघा, तो पुसला गेला असेल तर मॅन्युअलमध्ये बघा. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी एक आणि घरची वेगळी असं असलं की हा गोंधळ हमखास होतो.

३. गाडीच्या आतलं बघा, पाना न लावता

पेडलखालची मॅट काढा. नुसती सरकवू नका, बाहेर काढून ठेवा आणि मग क्लच दाबून बघा. पावसाळ्यात रबरी मॅटवर अजून एक मॅट टाकली जाते, शिवाय पाण्याची बाटली पुढे घरंगळून पेडलखाली जाते, आणि क्लच एक-दीड इंच कमी दाबला गेला तरी बाकीचे गिअर सिंक्रोच्या जिवावर पडतात, रिव्हर्स मात्र लगेच बोंब मारतो. म्हणजे क्लचचा आजार सगळ्यात आधी रिव्हर्सला कळतो, हे लक्षात ठेवा.

सीट किती मागे आहे तेही बघा. क्लच तळाला गेल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताणून टाचेवर उभं राहावं लागत असेल तर सीट पुढे घ्या.

मग दांड्याभोवतीचं रेक्झिनचं कव्हर वर करून टॉर्चने आत बघा. नाणी, पेनाचं टोपण, चॉकलेटचा कागद, काहीही सापडू शकतं. बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीज इथेच त्रास देतात. नॉबवर चढवलेलं लेदरचं कव्हर रिंगला पूर्ण वर येऊ देत नाही, आर्मरेस्ट दांड्याला आडवा येतो, आणि सगळ्यात मोठा म्हणजे गिअर लॉक. चोरी होऊ नये म्हणून दांड्यापाशी जो चावीचा लॉक बसवतात तो बहुतेक रिव्हर्समध्येच अडकवायचा असतो, त्याची पट्टी थोडी वाकली किंवा बोल्ट पूर्ण बाहेर आला नाही की दांडा शेवटचा अर्धा इंच जात नाही. तुमच्या गाडीला असा लॉक असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

रिंगवाली गाडी असेल तर रिंग उचलून बघा. तिच्यात स्प्रिंगचा ताण जाणवला पाहिजे. एकदम ढिली, लोंबकळल्यासारखी लागत असेल तर आतली छोटी केबल किंवा क्लिप तुटलीय, म्हणजे रिंग वर येते पण खालचा अडसर निघतच नाही. हे काम वरूनच होतं, गिअरबॉक्सशी त्याचा संबंध नाही.

४. इंजिन बंद करून बघा. सगळ्यात महत्त्वाची परीक्षा

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि एक एक करून सगळे गिअर टाका, शेवटी रिव्हर्स. रिव्हर्स अडला तर लगेच निष्कर्ष काढू नका, इंजिन बंद असताना क्लच सोडून-दाबून आतलं काही फिरत नाही, त्यामुळे दात्यासमोर दाता तसाच राहतो. दगड काढा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रलमध्ये गाडी हाताने वीतभर ढकला आणि परत टाकून बघा. असं दोन-तीनदा करा.

आता तीन शक्यता.

बंद इंजिनवर मऊसूत पडतो आणि चालू इंजिनवर खर्रर्र करतो: क्लच पूर्ण सुटत नाहीये. सहाव्या पायरीवर जा.

बंद इंजिनवरही पडत नाही: दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल, लॉक किंवा मग गिअरबॉक्सच्या आतलं काहीतरी. पाचवी पायरी.

पडतो, पण गाडी मागे जात नाही किंवा क्लच सोडताच धाडकन बाहेर येतो: आधी पाचवी पायरीच बघा, दांडा अर्धवट जात असेल तरी असंच होतं, आणि तिथे काही सापडलं नाही तर सातवी.

इथे अजून एक सोपी खूण आहे. इग्निशन ऑन करून रिव्हर्स टाका आणि दुसऱ्या माणसाला मागे रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतो का बघायला सांगा. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, म्हणजे दिवा लागला तर तुमच्या दांड्याची हालचाल गिअरबॉक्सच्या आतपर्यंत पोचतेय. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे नवीन गाडीत सेन्सर जागा झाला का हेही ऐकता येतं. दिवा नाही लागला तर मात्र आधी बल्ब आणि फ्यूज ठीक आहे ना बघून घ्या, नाहीतर उगाच भलतीकडे शोधत बसाल.

५. केबल आणि बुश

माझ्या गाडीचा दुसऱ्या वेळचा घोळ इथे होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक डावी-उजवीकडची हालचाल नेते, तिला सिलेक्ट केबल म्हणतात, दुसरी पुढे-मागची, ती शिफ्ट केबल. जुन्या गाड्यांत केबलऐवजी लोखंडी रॉड असतात. दोन्हींच्या टोकाला प्लॅस्टिकची किंवा रबराची बुश, म्हणजे छोटी कडी, असते आणि ती गिअरबॉक्सवरच्या गोळ्यावर दाबून बसवलेली असते. इंजिनच्या उष्णतेने ही बुश कडक होते, चिरते, आणि मग केबल थोडी सैल होते किंवा सरळ निघून पडते.

रिव्हर्स हा नकाशात कायम एका टोकाला असतो, एकतर अगदी डावीकडे नाहीतर अगदी उजवीकडे. त्यामुळे सिलेक्ट केबलमध्ये थोडासा ढिलेपणा आला तरी मधले तिसरा-चौथा आरामात पडतात आणि टोकाचा रिव्हर्स पहिल्यांदा जातो. माझ्या गाडीत रिव्हर्स पाचव्याखाली, आणि महिनाभर आधीपासून पाचवापण कधी कधी पडत नव्हता, उजवीकडे नेला तरी तिसऱ्यातच जायचा. हायवेला फार जाणं नव्हतं म्हणून मी दुर्लक्ष केलं. ती खूण होती. तुमच्याकडे रिव्हर्ससोबत शेजारचा गिअर पण कुरकुरत असेल, म्हणजे रिव्हर्स उजवीकडे असेल तर पाचवा आणि डावीकडे असेल तर पहिला-दुसरा, तर आधी केबलच बघा. शेजारचा गिअर एकदम ठणठणीत आणि फक्त रिव्हर्सच नाही, असं असेल तर लॉक, क्लच किंवा आतला आयडलर यांच्याकडे संशय वळतो. तरी डावीकडच्या रिव्हर्सला पहिल्याच्याही पलीकडे जावं लागतं, त्यामुळे तिथे पहिला चांगला असूनही केबल थोडी सैल असू शकते.

बघायचं कसं: इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी किंवा एअर फिल्टरच्या डब्याच्या खाली या दोन केबलची टोकं दिसतात. आत बसलेल्या माणसाला क्लच दाबून दांडा हळूहळू डावीकडे-उजवीकडे, मग पुढे-मागे करायला सांगा. दांडा हलला की केबल जिथे जोडलीय तो गिअरबॉक्सवरचा लोखंडी हात लगेच हलला पाहिजे. दांडा थोडा हलूनही तो हात हलत नसेल तर तेवढा ढिलेपणा बुशमध्ये आहे. केबलचं टोक गोळ्यावरून सुटून बाजूला लोंबत असेल तर मग प्रश्नच मिटला, कारण सापडलं. आत बोटं घालून बघताना समोरच्याला दांडा हलवू देऊ नका, तिथे बोट चेमटतं.

रस्त्यात असाल तर सुटलेलं टोक परत गोळ्यावर दाबून बसवा आणि वरून केबल टायने आवळा, मी असंच करून पंचवीस किलोमीटर घरी आलो. पण ते घरी येण्यापुरतंच. नुसती बुश मिळत असेल तर बुश बदला, काही गाड्यांत ती सुटी देत नाहीत, पूर्ण केबलच घ्यावी लागते. केबल बदलल्यावर तिचं ॲडजस्टमेंट करावं लागतं, न्यूट्रलमध्ये दांडा बरोबर मध्ये धरून मग टोक घट्ट करायचं असतं. हे अंदाजाने केलं की रिव्हर्स येतो आणि पहिला जातो. मॅन्युअलप्रमाणे करणारा माणूस शोधा.

केबलच्या बाहेरच्या आवरणाकडे पण टॉर्च मारा. उंदराने कुरतडलेलं आवरण मी स्वतः बघितलंय, आत पाणी जाऊन गंज चढतो आणि मग सगळेच गिअर जड होतात.

६. क्लच

क्लच खरंच अर्धवट सुटतोय का याची खात्री आधी करा. सपाट मोकळी जागा, समोर आणि मागे कोणी नाही, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत, पहिला गिअर, उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवून हँडब्रेक सोडा. क्लच पूर्ण दाबलेला असताना गाडी जराही पुढे सरकायला बघत असेल तर क्लच सुटत नाहीये. दुसरी खूण, क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबूनही रिव्हर्स खर्रर्र करत असेल तरी तेच.

पुढे तुमच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो की ऑइलवर, त्यावर अवलंबून आहे.

केबलवाला असेल तर पेडल हाताने हळू दाबून बघा. सुरुवातीचं थोडं अंतर पेडल हलकं जातं, मग जड लागायला लागतं. या हलक्या अंतराला फ्री प्ले म्हणतात, तो किती मिलिमीटर असावा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. केबल ताणली की तो वाढतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला नट असतो तो फिरवून कमी करता येतो, पण काही गाड्यांत केबल आपोआप ॲडजस्ट होणारी असते, तिथे नट शोधू नका. आणि इथला मोठा सापळा म्हणजे रिव्हर्स छान पडावा म्हणून केबल फार आवळून टाकणं. फ्री प्ले शून्य झाला तर क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो, प्लेट घसरून जळते, आणि दोन-चार महिन्यांत अख्खा क्लच सेट बदलायची वेळ येते.

ऑइलवाला असेल तर पेडल पटापट चार-पाच वेळा मारून लगेच रिव्हर्स टाका. पंप केल्यावर पडतो आणि एरवी नाही, म्हणजे लाइनमध्ये हवा शिरलीय नाहीतर वरचा (पेडलजवळचा) किंवा खालचा (गिअरबॉक्सजवळचा) सिलिंडर गळतोय. ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबा असतो. पातळी उतरली असेल तर ते ऑइल कुठेतरी गेलंय, नुसतं वरून भरून समाधान मानू नका, ब्रेकचाही प्रश्न आहे. पेडलच्या वरच्या बाजूला आणि खालच्या कार्पेटवर ओल आहे का, गिअरबॉक्सवरच्या छोट्या सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का, फडक्याने पुसून बघा. टोपणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे ग्रेड) जे लिहिलं असेल तेच भरायचं, इंजिन ऑइल तर चुकूनही नाही, त्याने आतली रबरं फुगतात. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उठतो, लगेच पाण्याने धुवा.

काही गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आत बसवलेला असतो, तो गळला तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडतात. तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी ठेवणाऱ्यांसाठी अजून एक. पावसाळाभर गाडी उभी राहिली की क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चकतीला, गंजाने चिकटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गावच्या दोन गाड्यांचं असं झालं होतं. यात फक्त रिव्हर्स नाही, चालू इंजिनवर कुठलाच गिअर पडत नाही, बंदवर सगळे पडतात. सोडवायचे जे उपाय ऐकायला मिळतात त्यात गाडी गिअरमध्ये स्टार्ट करायची असते आणि ती उडी मारते, अंगणात भिंती आणि पोरं असताना ते करू नका, मेकॅनिकला बोलवा.

७. आतला बिघाड

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच गिअरबॉक्सचा विचार करा. खुणा साधारण अशा: रिव्हर्स पडतो पण क्लच सोडल्यावर बाहेर फेकला जातो, मागे जाताना कडकड आवाज येतो, दांडा कुठेच न अडकता हवेत फिरल्यासारखा जातो. आयडलरचे दाते तुटलेले, त्याला सरकवणारा फोर्क वाकलेला किंवा झिजलेला, अशी कारणं आत असतात. दांडा उडी मारत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं, म्हणजे त्यांना धरून ठेवणारे रबरी आधार, पण बघायला सांगा, रबर फाटलेलं असलं की क्लच सोडताना इंजिन कलतं आणि रॉडवाल्या गाडीत दांडा ओढला जातो.

खोलायच्या आधी गिअर ऑइल काढून बघणं हा स्वस्तातला पुरावा आहे. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे. हाताला टोचणारे लोखंडाचे कण किंवा दात्याचा तुकडा निघाला तर मग चर्चा संपली, उतरवावाच लागेल. ऑइल काढताना कायम भरायचा बोल्ट आधी उघडा आणि मग खालचा. वरचा बोल्ट जाम असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून बसलात तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं घ्या. जिथे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ (गिअर ऑइलचा ग्रेड) सांगितलंय तिथे दुकानदार जीएल-५ देतो आणि वरचा नंबर आहे म्हणजे भारी असं सांगतो, पण ते पितळी सिंक्रोला मानवेलच असं नाही.

८. रस्त्यात अडकलात तर

ढकलणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, एक जण स्टिअरिंगवर. इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात हे आधीच डोक्यात असू द्या. माणसं नसतील आणि बंद इंजिनवर रिव्हर्स पडत असेल तर बंद असतानाच टाकून, क्लच तळापर्यंत दाबून, ब्रेक घट्ट धरून स्टार्ट करता येते. पण क्लच अर्धवट सुटत असेल तर स्टार्ट करताच गाडी मागे झेपावते. मागे माणूस, बाइक, खड्डा, काहीही असेल तर हे करायचं नाही. घाटात, उतारावर तर अजिबात नाही.

टो करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून न्यायला सांगा. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतलाय का बघा, तो वेगळा घ्यावा लागतो. साध्या इन्शुरन्समध्ये झीज किंवा यांत्रिक बिघाडाचा खर्च मिळत नाही, त्यामुळे क्लेमच्या आशेवर राहू नका.

"रिव्हर्स नाही तर नाही, पुढे तर जाते ना" असं म्हणून महिनोन्‌महिने चालवणारे मी बघितलेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९९ असं सांगतो की गाडी स्वतःच्या ताकदीवर पुढे आणि मागे दोन्हीकडे जाता आली पाहिजे. आणि नियम बाजूला ठेवला तरी अरुंद रस्त्यात समोरून ॲम्ब्युलन्स आली तर तुम्ही काय करणार? गॅरेजला नेईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत गाडी कायम तोंड बाहेर करून लावा आणि दुसरीकडून बाहेर पडता येतं अशाच जागी न्या.

९. गॅरेजमध्ये काय बोलायचं

"रिव्हर्स पडत नाही" एवढंच सांगितलं की समोरचा वाट्टेल ते ठरवू शकतो. त्याऐवजी असं सांगा: बंद इंजिनवर पडतो किंवा पडत नाही, खर्रर्र होतं किंवा नुसतं अडतं, शेजारचा गिअर कसा आहे, पेडल पंप केल्यावर फरक पडतो का, मागचा दिवा लागतो का, थंड असताना जास्त की गरम झाल्यावर. ही पाच-सहा उत्तरं कागदावर लिहूनच न्या. आणि मेकॅनिकला तुमच्यासमोर बंद इंजिनवर टाकून बघायला सांगा. जो हे न करता थेट उतरवायचं म्हणतो तिथून गाडी परत आणा, माझे तरी तिथेच पैसे वाचले.

उतरवायचं नक्की झालंच तर मजुरी आणि पार्टचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनच्या मागचं ऑइल सील बघून घ्या, झिजलेलं असेल ते त्याच वेळी बदला, कारण नंतर त्यातल्या एकासाठीही हीच पूर्ण मजुरी परत द्यावी लागते. काढलेले जुने पार्ट ताब्यात मागा, तुटलेला दाता डोळ्यांनी बघा.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातच दहा वेळा रिव्हर्स टाकून बघा. मग पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करून परत टाका, एखाद्या चढावर टाका, पहिला आणि पाचवा पण तपासा. खाली ऑइलचा थेंब नाही ना बघा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एकदम थंड असताना पुन्हा एकदा, तेव्हा अडलं तर त्याच दिवशी परत न्या, आठवडा जाऊ देऊ नका.